आधी ओळख

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर कमरेपर्यंत वर दिसलं, की शेजारचे दुकानदार समजून जायचे: गादीवाल्यांच्या घरात पुन्हा कुणीतरी काहीतरी केलंय. या घराण्याच्या बैठका घरी होत नसत. गिऱ्हाइकाच्या जागेत भांडावं, तिथे आवाज आपोआप खाली राहतो, अशी आजोबांनी घालून दिलेली रीत होती. वाटणीची बोलणी इथेच झाली. धाकट्याने गाद्या सोडून वकिली करायचं ठरवलं, तेव्हाची रडारडही इथेच, खिडकीतल्या डबलबेडवर झाली.

तीन पिढ्यांनी या शहराला झोपवलं होतं. आजोबांनी कापूस भरला, वडिलांनी काथ्या आणला, शेठने स्प्रिंगा आणल्या. शहरातल्या निम्म्या संसारांची सुरुवात आमच्या मालावर झालीय, असं शेठ कुणालाही सांगायचा आणि वर डोळा मारायचा. त्याच शेठच्या एकुलत्या मुलाने, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना, जेवता जेवता सांगितलं होतं की तो डेमिसेक्शुअल आहे.

शेठने त्यातलं शेवटचं निम्मंच ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. निम्मं ऐकूनच तो एवढा हादरला की पुढे काही विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याने थेट थोरल्या बहिणीला फोन लावला.

थोरली बहीण म्हणजे आत्या. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली होती, पण शाळेतूनच काय ती निवृत्त झाली होती. घरातली सगळी लग्नं तिनेच जुळवलेली. शेठचं जुळवलं, धाकट्या भावाचं, म्हणजे वकिलाचं, जुळवलं, चुलत-मावस भावंडांची जुळवली. लग्न ही घाईने करायची आणि सावकाश निभवायची गोष्ट आहे, असं तिचं मत होतं. स्वतः तिने केलं नव्हतं. भावांसाठी तिने लग्न केलं नाही, असं घरात म्हणत. मुळात ते कोण म्हणालं होतं कुणास ठाऊक, पण आत्याने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

ती आत आली आणि दुकानातल्या सगळ्यात कडक गादीवर, पाठदुखीवाल्यांसाठी असते तिच्यावर, ताठ बसली. शेठ आणि माई समोरच्या मोठ्या पलंगावर, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसले. माई म्हणजे शेठची बायको. मुलगा बोलायला लागला तेव्हापासून सगळेच तिला माई म्हणत. वकील कोपऱ्यातल्या सोफा-कम-बेडवर पसरला. सगळ्या गाद्यांना प्लास्टिकचं आवरण होतं. कुणीही जरासं हललं की चुरचुर आवाज व्हायचा, त्यामुळे कोणत्या प्रश्नाला कोण चुळबुळलं हे लपत नसे.

ज्याच्यासाठी बैठक बोलावली होती तोच अजून आला नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता आणि कुठल्याशा गोठ्यात अडलेल्या गाईपाशी होता. आत्याचं म्हणणं पडलं की बरंच झालं, तोवर आपण आपली अक्कल चालवू.

वकिलाने मोबाइलवर शोधाशोध करून ठेवलीच होती. “डेमी म्हणजे अर्धा,” तो म्हणाला.

“अर्धा काय?” शेठने विचारलं.

 वर दिलेला अर्थ वकिलाने वाचला होता, खालचा वाचायला चष्मा नव्हता. मग सगळ्यांनी मिळून त्या अर्ध्याचा उरलेला अर्धा शोधायला घेतला. शेठला वाटत होतं की हा काहीतरी ताकदीचा प्रश्न असावा. त्यावर गोळ्या मिळतात, आणि आपल्या ओळखीचा एक डॉक्टर मागच्या दाराने तपासतो. वकिलाचा संशय निराळा होता. तो त्याने बायकांसमोर सांगायला नको म्हणून तीनदा सांगितला. आत्या म्हणाली, की तिच्या शाळेतही पौगंडावस्थेत मुलींना असं काहीबाही व्हायचं, खेळाच्या तासाला जास्त पळवलं की जायचं. मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, हे कुणीतरी तिच्या लक्षात आणून द्यायला हवं होतं. पण लक्षात आणून देण्याचं काम या घरात तिचंच होतं.

 माई बैठकांमध्ये बोलत नसे. चहाचा थर्मास आणि कप तिच्या पायाशी होते, आणि तेवढंच तिचं मत धरलं जाई.

डॉक्टर आला तेव्हा त्याच्या अंगाला जंतुनाशकाचा वास येत होता. गाय सुटली, वासरू ठीक आहे, असं त्याने न विचारताच सांगितलं.  बसायला जागा शोधत तो लहान मुलांच्या बंक बेडच्या खालच्या फळीवर बसला, मान जरा वाकवून.

वकिलाने आपला आवाज कोर्टातला केला आणि विचारलं की हे जे काही आहे, ते जनावरांमध्येही असतं का.

“असेल,” डॉक्टर म्हणाला. “पण जनावरं त्याची बैठक बोलवत नाहीत.”

माईच्या बाजूची गादी किंचित चुरचुरली. ती हसली की काय, हे बघायला आत्याने मान वळवली, पण माई कप पुसत होती.

मग आत्याने त्याला वर्गात उभ्या केलेल्या पोरीला विचारावं तसं विचारलं, की सरळ सांग, तुला झालंय काय.

त्याने सांगितलं. काही झालेलं नाही, म्हणाला. तो असाच आहे. कुणी नुसतं दिसून त्याला आवडत नाही. सुंदर आहे हे कळतं, पण ते खिडकीतून डोंगर दिसावा तसं. मित्र रस्त्यात माना वळवून बघायचे तेव्हा तोही वळवायचा, नाही वळवली तर विचारतील म्हणून. एखादं माणूस खूप ओळखीचं झालं, त्याच्याशी मन जुळलं, तरच कधीतरी ओढ वाटते. नाहीतर वाटतच नाही. आणि तसं आजवर एकदाच झालं. जनावरांच्या दवाखान्यात चार वर्षं बरोबर काम केलेल्या एकीबद्दल. तिला तसं काही वाटलं नाही, ती बदली घेऊन गेली, विषय संपला.

“बाईच होती ना?” वकिलाने विचारलं.

“हो, काका.”

सोफा-कम-बेडवरून एक सुस्कारा आला. वकिलाच्या मते खटला तिथेच संपला होता.

आत्याने मात्र क्षणभर विचार केला, आणि तिचा चेहरा उजळला. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलीचं गणित अचानक बरोबर आलं की उजळायचा तसा. एवढंच ना, ती म्हणाली. मग यात नवीन ते काय? आधी माणूस, मग ओळख, मग माया, मग बाकीचं. हे तर ती जन्मभर सांगत आली होती. शेठने माईला लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं, तेही चुलतभावंडांच्या घोळक्यात, आणि घरी येऊन विचारलं होतं की त्यातली नेमकी कोणती. म्हणून काही अडलं का? या पोरांना आपल्या घरचीच जुनी वस्तू परदेशी नाव घालून दुकानात दिसली, की केवढं अप्रूप वाटतं.

“मग मीपण तोच,” शेठ म्हणाला. त्याला एकदम फार बरं वाटलं होतं.

वकील म्हणाला की तसं बघायला गेलं तर तोही त्यातलाच. ज्या वकिलाच्या ऑफिसातली टायपिस्ट दरवर्षी बदलायची आणि दरवर्षी तिचं वय कमी व्हायचं, तो हे गंभीरपणे म्हणाला. डॉक्टरने चुलत्याकडे बराच वेळ पाहिलं. पाच मिनिटांत अख्खं घराणं डेमी निघालं, पार आजोबांपर्यंत. दोन बायका आणि तिसरीकडे येणंजाणं असलेल्या आजोबांनाही त्या यादीत मानाची जागा मिळाली.

 डॉक्टरने सांगितलं की हे तसं नाही. लग्नाला तो हो म्हणाला होता, कारण तेव्हा लग्न सहा-आठ महिन्यांनी ठरलं होतं; तेवढ्यात ओळख होईल असं त्याला वाटलं. मग हॉल लवकरचा मिळाला म्हणून सगळ्यांनी तारीख अलीकडे ओढली. मुलीला तो तीनदा भेटला होता, तिन्ही वेळा दोन्हीकडची माणसं बरोबर होती. तिला हे माहीत नाही, आणि तिला सांगितल्याशिवाय तो लग्न करणार नाही.

“ओळख लग्नानंतर होते,” आत्या म्हणाली. “आमच्या घरात सगळ्यांची झाली. तिला यातलं काहीही सांगायचं नाही. लग्न ठरल्या दिवशी होईल.”

सांगायला वेळही नव्हता, कारण ती मुलगी थोड्याच वेळात तिथे यायची होती. घराण्याची दुसरी रीत अशी की नव्या जोडप्याचा पलंग दुकानातून जायचा, आणि तो सुनेने निवडायचा. आत्यानेच तिला आजच्या दिवशी बोलावून ठेवलं होतं, हा सगळा घोळ व्हायच्या आधी. आता फोन करून नको म्हणणं म्हणजे संशयाला जागा. तेव्हा प्रत्येकाने हसतमुख राहायचं, आणि डॉक्टरने तोंड बंद ठेवायचं, असं ठरलं.

मुलगी एकटीच आली. तिची आई दाढदुखीने घरी राहिली होती. ही रेडिओवर बातम्या वाचायची. आत्या रोज सकाळी तिचा आवाज ऐकायची आणि उच्चारांना मनातल्या मनात गुण द्यायची. स्थळ पसंत पडायचं निम्मं कारण तेच होतं. एवढी माणसं सुट्टीच्या दिवशी वेगवेगळ्या पलंगांवर बसलेली पाहून मुलगी दारातच थबकली, आणि कुणी आजारी आहे का, असं तिने विचारलं. सगळे एकदम नाही म्हणाले.

शेठला काय बोलावं कळेना, तेव्हा तो जे बोलता येतं ते बोलायला लागला. त्याने तिला मधल्या मोठ्या गादीपाशी नेलं आणि वर हात फिरवत माल समजावून दिला. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली. दहा वर्षं दबणार नाही. “आणि खास गोष्ट म्हणजे,” तो म्हणाला, “दोघांतल्या एकाची हालचाल दुसऱ्याला कळत नाही. गाढ झोप.”

“ते खरं आहे,” माई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हातातला कप थर्मासशेजारी ठेवला.

“आमच्याकडे हीच आहे,” ती मुलीला म्हणाली. “यांना माझी हालचाल कधी कळली नाही. त्याआधी कापसाची होती, तीवरही नाही कळली.”

शेठ हसला. दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. आत्याने घसा खाकरून पलंगाच्या लाकडाचा विषय काढला, पण माई थांबली नाही. ती मोठ्याने बोलत नव्हती. थर्मासमध्ये चहा किती उरलाय हे सांगावं, तसा तिचा आवाज होता.

“वन्सं, मघाशी तुम्ही म्हणालात की आमचं सगळ्यांचं असंच झालं. नाही झालं. याला ओळख आधी हवीय. तुम्ही आम्हाला ती नंतर देणार होतात. आमची ओळख व्हायला लागली तेव्हा हा दोन वर्षांचा झाला होता. त्याआधीच्या तीन वर्षांत मी कोणाशेजारी झोपत होते, ते मला ठाऊक नव्हतं. आणि यांनी कधी विचारलं नाही.”

कुणाचीच गादी चुरचुरली नाही. आत्या उत्तर द्यायला निघाली होती. आयुष्यात तिला उत्तर शोधावं लागलं नव्हतं, ते जिभेवरच असायचं. आता तिने तोंड उघडलं आणि तिथे काही नव्हतं. तिला उगाच ती चुलतभावंडांच्या घोळक्यात उभी असलेली मुलगी आठवली. सगळ्यांत मागे उभी होती. तेव्हा तिला आत्याने पुढे ओढून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, ही.

“मला ही दुसरी मुलगी तशी नकोय,” माई म्हणाली आणि मुलाकडे वळली. “सांग तिला. मी आहे इथे.”

डॉक्टर बंक बेडखालून बाहेर येताना डोकं आपटून घेऊन उभा राहिला आणि त्याने सांगितलं. शब्द सांगितला, अर्थ सांगितला, डोंगराचं सांगितलं. बापासमोर आणि चुलत्यासमोर पुन्हा सगळं सांगताना त्याचे कान लाल झाले होते, पण तो अडखळला नाही. आधीच सांगायला हवं होतं, तेही म्हणाला. मुलगी उभ्या उभ्या ऐकत होती. मग ती त्या मोठ्या गादीच्या कडेला बसली आणि तिने दोनच प्रश्न विचारले. किती वेळ लागेल, हा पहिला. त्याने सांगितलं की माहीत नाही, आणि वाटेलच अशी खात्रीही देता येणार नाही. आत्ता माझ्याबद्दल काही वाटतं का, हा दुसरा.

“तुमचा आवाज आवडतो,” तो म्हणाला. “एवढंच.”

तिने मान हलवली. मग ती बोलली, आणि आत्याला रोज सकाळच्या बातम्या ऐकल्यासारखं झालं. तेच स्वच्छ उच्चार, तेच योग्य जागी थांबणं.

“मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं,” ती म्हणाली. “कुणाबद्दल काही वाटणार असेल तर. तुमच्याबद्दल तिन्ही वेळा काही वाटलं नाही. मला वाटलं की एवढा चांगला माणूस आहे, तर खोट माझ्यातच असणार. म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला वाट बघायची आहे, आणि माझ्याच्याने ते होत नाही. यात कुणाचं काही चुकलं नाही.”

घरी तीच सांगेल, म्हणाली. तुमच्या मुलाबद्दल एक वावगा शब्द जाणार नाही, हेही तिने शेठला सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाला तिने धीर द्यावा, हे आत्याला आवडलं नाही, पण शेठला त्याची गरज दिसत होती. निघताना ती पुन्हा त्या गादीकडे वळली.

“हीच सिंगलमध्ये मिळेल का?” तिने विचारलं. “मी वेगळी राहायला जायचं म्हणत होते. लग्नामुळे राहिलं होतं.”

“मिळेल,” शेठ म्हणाला. आणि सवयीने पुढे, “घरपोच.”

ती गेल्यावर वकील उठला, कोर्टाचं काही काम आठवल्याचं म्हणाला आणि सुट्टीच्या दिवशी कोर्टाच्या कामाला निघून गेला. आत्या आपली पर्स घेऊन उभी राहिली. बैठक झाली की शेठ तिला गाडीने घरी सोडायचा. वाटेत ती झालेल्या गोष्टीचा निकाल द्यायची आणि तोच शेवटचा असायचा. आजचा निकाल तिला अजून सुचला नव्हता. पण गाडीत सुचेल, असं तिला वाटत होतं.

शेठने किल्ल्या काढल्या. तो उठला नाही. माईकडे बघत तो एवढंच म्हणाला, “तीन वर्षं?”

“वन्सं,” माई म्हणाली, “आज तुम्ही बसने जा. आम्हाला बोलायचंय.”

आत्याने भावाकडे पाहिलं. तिचा बाळ, बासष्ट वर्षांचा, खाली मान घालून बसला होता. तो नक्की काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली.  त्याने बूड उचललं, आणि पलंगावरचं ते तिसऱ्या माणसाएवढं अंतर निम्मं कमी करून, परवानगी विचारल्यासारखा पुन्हा बसला. माई सरकली नाही. जवळही आली नाही.

या घराण्यात एखादं बोलणं व्हायचं होतं आणि त्याला आत्या नव्हती, असं आजवर झालं नव्हतं. ती शटरखालून वाकून बाहेर आली. मागोमाग डॉक्टर आला आणि तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालला. बस आली तेव्हा तोही चढला. त्याचा दवाखाना उलट दिशेला होता.

दोघांना शेजारी जागा मिळाली. आत्या बाहेर बघत होती. तिला आपण कशावर तरी रागावलो आहोत एवढं कळत होतं, पण तो राग कुणावर ठेवावा हे ठरत नव्हतं. पोरावर ठेवावा, तर तो खरं बोलला होता. माईवर ठेवायला गेली, तर तो तिथे राहीना. आत्यालाही तीन स्थळं आली होती, तिच्या वेळी. एकाचं नाक बरं नाही म्हणाली, एकाची नोकरी, आणि तिसऱ्यात तर काहीच खोट नव्हती, तेव्हा भाऊ लहान आहेत असं म्हणाली. म्हणजे ते तिनेच म्हटलं होतं. मग सगळे म्हणायला लागले, आणि ते ऐकायला चांगलं होतं. मैत्रिणी लग्नाआधी रात्र रात्र ज्याविषयी कुजबुजायच्या, त्यातलं तिला एक अक्षर कळायचं नाही. ओळख झाल्यावरही नाही. तिला वाटायचं, त्या जरा वाढवून सांगतात.

“डॉक्टर,” ती म्हणाली. घरात त्याला ती या नावाने कधी हाक मारत नसे. “समजा एखाद्याला कधीच काही वाटलं नाही. आधी नाही, नंतर नाही, कुणाहीबद्दल. त्यालाही शब्द असतो का?”

“असतो,” तो म्हणाला.

कोणाला, असं तो विचारेल म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं. त्याने विचारलं नाही. 

“सांग बरं,” ती म्हणाली.

त्याने सांगितला. बसच्या आवाजात तिला नीट ऐकू आला नाही, म्हणून तिने तो पुन्हा म्हणायला लावला. मग तिसऱ्यांदा, सावकाश, अक्षरं तोडून. तिने तो ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. वर्गात नाव पुकारतात तसा, हजेरी असल्यासारखा.

“शाळेतल्या एक बाई विचारत होत्या,” ती म्हणाली. “त्यांना सांगते.”

“सांग,” तो म्हणाला.

आत्याने मान डोलावली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ती पुन्हा बाहेर बघायला लागली. तिचा थांबा आला आणि गेला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.